एकाच गेटवर कधी एक मोठं विमान, कधी दोन छोटी : हे गणित नक्की कुठे चुकतं?

आरेखिका
नमस्कार मंडळी. मी विमानतळाच्या एप्रनचे नकाशे करते, म्हणजे विमानं जिथे उभी राहतात त्या फरसबंदीचे. सध्या एका नव्या टर्मिनलच्या कामात लवचीक गेटचा विषय चाललाय, आमच्यात त्याला मार्स स्टँड म्हणतात (स्टँड म्हणजे विमान उभं करायची जागा). एका स्टँडवर पिवळ्या रेघा तीन, मधल्या रेघेवर एक रुंद विमान उभं राहतं नाहीतर बाजूच्या दोन रेघांवर दोन अरुंद विमानं. गेट १२ असेल तर मधली १२, डावी १२एल आणि उजवी १२आर. कल्पना जुनी आहे आणि चांगली आहे, माझा तिला विरोध नाही.

पण परवाच्या मीटिंगमध्ये स्लाइडवर होतं की २० मार्स स्टँड म्हणजे "२० मोठी अधिक ४० छोटी" आणि खाली बेरीज ६०. मी हात वर केला, म्हटलं एकाच जागेची दोनदा बेरीज कशी होईल, तर म्हणे क्षमता अशीच दाखवतात. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

रुंदीचं गणित आधी मांडते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमात पंखांच्या रुंदीवरून विमानांना अक्षरं आहेत. कोड सी म्हणजे २४ ते ३६ मीटरच्या आतलं (ए३२०, ७३७ वगैरे), कोड ई म्हणजे ५२ ते ६५ च्या आतलं (७७७, ७८७, ए३३०, ए३५०). स्टँडवर दोन विमानांमध्ये सीला ४.५ मीटर आणि ईला ७.५ मीटर मोकळं ठेवावं लागतं. म्हणजे फक्त मोठ्यासाठी स्टँड आखलं तर ६५ अधिक ७.५ असे ७२.५ मीटर. आणि दोन छोट्यांसाठी ३६, ४.५, ३६, परत ४.५ असे ८१. बघा, स्टँडची रुंदी मोठ्या विमानामुळे वाढत नाही, दोन छोट्यांमुळे वाढते! दर स्टँडमागे ८.५ मीटर जास्त. अशी दहा ओळीनं मांडली की ८५ मीटर गेले, म्हणजे एक अख्खं मोठं स्टँड आणि वर थोडं. लवचीकपणा फुकट येत नाही, त्याची किंमत ही अशी टर्मिनलच्या लांबीत मोजावी लागते.

तुमच्यातले जे रॅम्पवर (विमानाच्या आजूबाजूला फरशीवर), ब्रिजवर (टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतचा पूल), स्टँड वाटपाच्या डेस्कवर काम करतात त्यांनी सांगा, नकाशावर बसलेलं प्रत्यक्षात कुठे अडतं?

खिडकीची_सीट
छान धागा. मी फक्त प्रवासी आहे त्यामुळे साधा प्रश्न. अक्षर एकच असलं तर कुठलंही विमान कुठेही बसतं ना मग?

आरेखिका
साधा नाहीये हो, बरेच अनुभवी लोकही इथेच फसतात. अक्षर फक्त रुंदी सांगतं, लांबी सांगत नाही. ए३१९ ची लांबी ३३.८ मीटर आणि ए३२१ ची ४४.५, दोन्ही कोड सी. ७८७-८ साधारण ५७ मीटर आणि ७७७-३००ईआर ७३.९, दोन्ही कोड ई. म्हणजे एकाच अक्षरात १७ मीटरचा फरक. स्टँडची खोली कमी पडली की ७७७ चं शेपूट मागच्या सर्व्हिस रोडवर येतं, मग तो रस्ता बंद ठेवायचा नाहीतर विमान दुसरीकडे न्यायचं. म्हणून रुंदी छोट्या जोडीवरून काढायची आणि खोली सगळ्यात लांब मोठ्यावरून.

आणि मधली अक्षरं विसरू नका. ७५७ चे पंख ३८ मीटर, फक्त दोन मीटरनं सी चुकलं, ७६७ चे ४७.६, ही दोन्ही कोड डी. मार्सवर आली की मधली रेघ आणि अख्खं स्टँड घेऊन बसतात.

रॅम्पवाला
विषय काढलात ते बरं केलंत, कारण नकाशा करणारा माणूस आम्हाला विचारायला येतो असं फार क्वचित होतं.

पहिली गोष्ट इंधनाची. जमिनीखालून पाइपलाइन येते आणि स्टँडवर ठिकठिकाणी हायड्रंटचे पिट असतात, वर लोखंडी झाकण. ए३२० ला तेल बहुतेक उजव्या पंखाखालून भरतात, ७७७ ला बहुतेक डाव्या. त्यामुळे तीन रेघांच्या स्टँडवर पिटच्या जागा तीन वेगवेगळ्या येतात. आता छोट्यांच्या वेळी मोठ्याच्या पिटवर कोणी लक्ष देत नाही, तिथे सामानाच्या रिकाम्या डॉली (ट्रॅक्टरमागे जोडायच्या चाकांच्या गाड्या) लावून ठेवतात कारण जागा मोकळी दिसते. मी स्वतः पहाटे साडेचारला हे भोगलंय. ७७७ मधल्या रेघेवर येऊन थांबलं, चाकांना चोक (अडसर) लावले, तेलवाला डिस्पेन्सर घेऊन आला आणि बघतो तर झाकणावर सात डॉलींची माळ, पुढचा ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला गेलेला, चावी ज्याच्याकडे तो शिफ्ट संपवून निघालेला. आम्ही चौघांनी पिना काढून एकेक डॉली हातानं ढकलली, पाऊस चालू, चाकं वळता वळत नव्हती. पंचवीस मिनिटं गेली. त्या स्टँडच्या नकाशात काहीच चूक नव्हती, पिट बरोबर जागी होता. फक्त छोट्यांच्या वेळी सामान कुठे ठेवायचं हे कोणी आखलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे रेघा. कोरड्या दिवसा तीन रेघा छान दिसतात. रात्री पावसात फ्लडलाइटचा उजेड ओल्या फरशीवर पडला की तिन्ही सारख्याच चमकतात, आणि पायलट त्या विमानतळावर पहिल्यांदा आलेला असेल तर त्यानं कुठली धरायची. म्हणून समोरचा डॉकिंगचा बोर्ड महत्त्वाचा, त्यावर विमानाचा प्रकार लिहून येतो, मग किती मीटर उरले ते, मग स्टॉप. प्रकार चुकीचा दिसला तर पायलटनं थांबायचं असा नियमच आहे. आणि शेवटच्या क्षणी विमान बदललं, ए३२० च्या जागी ७३७ आलं, आणि बोर्डला कोणी सांगितलंच नाही, तर ते विमान अर्ध्या स्टँडवर नाक खुपसून उभं राहतं आणि मागची टॅक्सीलेन, म्हणजे विमानांची जायची-यायची वाट, अडते. मग हातानं खुणा करून विमान आत घेणारा मार्शलर पळतो.

उंचउडी
मला एक कळत नाही, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ सगळी स्टँड सगळ्यात मोठ्या विमानाची करा ना. छोटं विमान मोठ्या जागेत मावतंच. जागा आहे तिथे उगीच रेघांचा घोळ कशाला?

आरेखिका
उंचउडी, ही चूक जगानं एकदा करून झालीय. ए३८० नं २५ ऑक्टोबर २००७ ला सिंगापूर ते सिडनी पहिलं प्रवासी उड्डाण केलं, पंख ७९.७५ मीटर, कोड एफ, ते बसवलंच मुळी ८० मीटरच्या चौकटीत. त्याच्यासाठी विमानतळांनी वरच्या मजल्यापर्यंत जाणारे जादा ब्रिज बांधले, लाउंज वाढवले, टॅक्सीवेचे खांदे रुंद केले. एकूण २५१ विमानं ग्राहकांना मिळाली आणि २०२१ च्या डिसेंबरात शेवटचं दिलं गेलं. चौदा वर्षं. काँक्रीट त्याच्या कितीतरी पट टिकतं.

आणि उलटं उदाहरण बोइंगचं. नव्या ७७७-९ चे पंख उघडे असताना ७१.८ मीटर, पण जमिनीवर टोकं दुमडली की ६५ च्या आत, म्हणजे आहे त्या कोड ई गेटवर बसतं. विमान बनवणाऱ्यानं पंखाला बिजागरी लावली ती गेटसाठी! खरं तर दुमडणाऱ्या पंखांचा पर्याय बोइंगनं नव्वदच्या दशकात मूळ ७७७ लाही देऊ केला होता, तेव्हा कोणी घेतला नाही.

तुमच्या मुद्द्यात तथ्य एवढंच की कोड एफला ८० अधिक ७.५ असे ८७.५ मीटर लागतात, त्यात दोन छोट्यांचे ८१ आरामात मावतात. पण मोठ्या स्टँडवर एकच छोटं उभं करणं म्हणजे दिवसभर निम्म्याहून जास्त रुंदी रिकामी. गर्दीच्या विमानतळावर ते परवडत नाही, मग छोट्यांचे प्रवासी बसनं लांब न्यावे लागतात.

वेळापत्रक
मी स्टँड वाटपाच्या डेस्कवर आहे त्यामुळे तुमच्या त्या ६० च्या बेरजेवर बोलतो, फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

समजा १० मार्स आहेत. सकाळच्या गर्दीत ६ रुंद विमानं आली, उरले ४, त्यावर ८ छोटी. एकूण १४. कोणत्याही क्षणाला खरा आकडा असा काहीतरी असतो, आणि तो वेळापत्रकावरून ठरतो. मार्सचा खरा फायदा तेव्हाच जेव्हा मोठ्यांची गर्दी आणि छोट्यांची गर्दी वेगवेगळ्या वेळी असते, पहाटे मोठी, दिवसभर छोटी. दोघांची गर्दी एकाच वेळी असेल तर तुम्ही दर स्टँडमागे ८.५ मीटर उगीच दिले.

पण सगळ्यात मोठं नुकसान स्लाइडवर कधीच दिसत नाही, ते म्हणजे अर्धं भरलेलं स्टँड. १२एल वर एक छोटं उभं आहे, १२आर रिकामं. मोठं आत घेता येत नाही कारण एल भरलंय. छोटं घ्यावं तर वीस मिनिटांनी मोठं यायचंय. म्हणजे अर्ध्या स्टँडनं अख्खं स्टँड अडवून ठेवलं, आणि मोठं आलं की बाहेर टॅक्सीवेवर इंजिन चालू ठेवून उभं. एल वरच्या छोट्याला एका प्रवाशाचं सामान उतरवायचं म्हणून उशीर झाला तरी त्याचा फटका ३५० प्रवाशांच्या विमानाला बसतो.

यावर आम्ही शिकलो ते असं की एका मार्सवर अशी दोन छोटी लावायची ज्यांच्या निघायच्या वेळा जवळजवळ आहेत. म्हणजे दोन्ही बाजू साधारण एकदम मोकळ्या होतात. रिकामं दिसलं म्हणून पहिल्या येणाऱ्याला दिलं असं केलं की संध्याकाळपर्यंत सगळी मार्स अर्धी भरलेली राहतात. सॉफ्टवेअरला १२ भरलं की १२एल, १२आर बंद एवढा नियम सगळेच देतात, जोडी लावायचा नियम मात्र आपण मुद्दाम घालावा लागतो.

तर धागाकर्तीला विनंती, बेरीज बाजूला ठेवा. गर्दीच्या दिवसाचं अख्खं वेळापत्रक घ्या, प्रत्येक विमान पट्टी म्हणून तक्त्यावर मांडा, दोन पट्ट्यांमध्ये श्वास घ्यायला जागा सोडा, मग काही पट्ट्या मुद्दाम अर्धा तास उशिरा सरकवा आणि बघा किती विमानं बाहेर पडतात. जे उरेल ती क्षमता.

खिडकीची_सीट
अरे बापरे, म्हणजे विमान धावपट्टीवर उतरल्यावर आपण टॅक्सीवेवर वाट बघत बसतो ना "गेट मोकळं नाही" म्हणून, ते हे! माझ्या बाबतीत दोनदा झालंय आणि खिडकीतून बघितलं तर समोरची जागा निम्मी मोकळी दिसत होती, मी चिडले होते.

पुलाखाली
ब्रिजबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझं काम ब्रिजच्या देखभालीचं.

विमानाचे प्रवासी दरवाजे वापरायचे ते डाव्या बाजूचे, सामान आणि केटरिंग उजवीकडून. मार्सवर ब्रिज दोन. छोट्यांच्या वेळी प्रत्येकाला एक, मोठ्याच्या वेळी दोन्ही एकाच विमानाला, एक पहिल्या दरवाज्याला आणि एक दुसऱ्या. ऐकायला सोपं आहे, पण दोन छोट्यांच्या मधला जो ब्रिज आहे त्याचा खांब बरोब्बर मोठ्याच्या नाकासमोर येतो. म्हणून मधली रेघ कधी थोडी बाजूला सरकवतात.

मग उंची. ७३७ चा दरवाजा जमिनीपासून साधारण पावणेतीन मीटरवर, ए३२० चा साडेतीनच्या आसपास, ७७७ चा पाच मीटरच्या जवळपास. व्हीलचेअरसाठी उतार १ ला १२ पेक्षा जास्त नको. टर्मिनलचा मजला साडेचार मीटरवर धरला तर ७३७ साठी पावणेदोन मीटर उतरायचं, म्हणजे ब्रिज निदान एकवीस मीटर लांब हवा. स्टँडची खोली वाचवायला ब्रिज आखूड केला की एक जात बसते, दुसरी बसत नाही.

आणि विमान उभं असताना हलतं हे लोकांना माहीत नसतं. माणसं आणि सामान उतरलं की ते वर उचललं जातं, भरलं की खाली बसतं. ब्रिजच्या तोंडाशी एक छोटं चाक विमानाच्या अंगाला टेकलेलं असतं, ते फिरलं की ब्रिज आपोआप वरखाली होतो. ते चाक अडकलं तर उघडा दरवाजा ब्रिजच्या जमिनीवर टेकून वाकू शकतो. मार्सवर दिवसात चारपाच जातींची विमानं येतात त्यामुळे त्या चाकाची झीज जास्त, देखभालीचं वेळापत्रक वेगळं ठेवा.

विजेचं मात्र छान जमतं. छोट्याला एक केबल पुरते, ७७७ ला दोन लागतात. जमिनीवरच्या विजेचे संच ब्रिजखाली टांगलेले असतील तर छोट्यांच्या वेळी एकेक आणि मोठ्याच्या वेळी दोन्ही तिथेच पोचतात. ७८७ ला इंजिन सुरू करायला तिसरी लागू शकते, ती आधीच विचारात घ्या.

आरेखिका
पुलाखाली, मधल्या रेघेबद्दल मी कालच हिशेब केला होता. दोन छोटी धरून जी ७६.५ मीटरची चौकट होते तिच्यात ६५ चं मोठं मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना पावणेसहा मीटर उरतात. शेजारच्या स्टँडवरच्या विमानापासून ७.५ राखून रेघ जास्तीत जास्त पावणेतीन मीटर सरकते. त्याच्या पुढे एक फूटही नाही. तेवढ्यात तुमचा खांब चुकतो का?

पुलाखाली
खांब गोल, त्याच्याभोवती संरक्षक कठडा, आणि नाकासमोर टगला (विमान ढकलणाऱ्या ट्रॅक्टरला) यायला जागा. पावणेतीन मीटर अगदी काठावर आहे. खांब टर्मिनलकडे अजून मागे घेता आला तर निभेल. नाहीतर जोडणारा भाग वाढवून खांबच बाजूला न्या, खर्च वाढेल पण रोजची कटकट जाईल.

उंचउडी
माझं म्हणणं मागे घेतो, एफचं तरी. पण पंख्यांवर (प्रोपेलरवर) चालणाऱ्या छोट्या विमानांचं काय? एटीआर वगैरे?

रॅम्पवाला
एटीआर ७२ चे पंख २७ मीटर म्हणजे कोड सीच, पण प्रवाशांचा दरवाजा मागे आणि खूप खाली, पुढे डावीकडे सामानाचं दार. ब्रिजचा काही उपयोग नाही. त्याला चालत जायची आखलेली वाट आणि ब्रिजच्या खांबाजवळून खाली उतरणारा जिना हवा. तेवढा जिना आधी ठेवला तर एल किंवा आर वर तेही बसतं, नंतर ठेवायचा म्हटलं तर तिथे नेमकी एसीची खोली बांधलेली असते.

खिडकीची_सीट
आणि आत बसायच्या जागेचं? एका गेटचे लोक दुसऱ्या गेटच्या रांगेत घुसतात ते?

आरेखिका
लाउंजचं गणित मला फार आवडतं. एक ७७७-३००ईआर म्हणजे साधारण ३५० सीट, दोन ए३२० दाटीच्या मांडणीत १८० प्रमाणे ३६०. जवळजवळ सारखंच! म्हणून एक सलग लाउंज आणि मध्ये सरकता पडदा पुरेसा वाटतो. पण दोन ए३२१निओ आल्या की साडेचारशेच्या वर जातं. म्हणजे लाउंज मोठ्या विमानावरून आखला तर छोट्यांच्या वेळी तुंबतो, आणि तुम्हाला दिसतात त्या दोन रांगा एकमेकींत शिरतात. त्याला दोन तोंडं, दोन काउंटर आणि दोन वेगळ्या दिशांनी रांगा असं आधीच लागतं.

याहून अवघड भाग आहे आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत प्रवासी वेगळे ठेवायचा. दारं बदलून तेच गेट सकाळी एका प्रकारचं, दुपारी दुसऱ्या प्रकारचं. कॅनडातल्या ज्या विमानतळांवर अमेरिकेचं इमिग्रेशन निघतानाच होतं तिथे तर तीन प्रकार आहेत, देशांतर्गत, अमेरिका आणि बाकीचं जग. आता मार्सवर एलला देशांतर्गत आणि आरला आंतरराष्ट्रीय आलं तर? एकच कॉरिडॉर असेल तर एका बाजूची माणसं उतरेपर्यंत दुसरी बाजू बंद. वेळापत्रकच्या तक्त्यात स्टँड मोकळं दिसतं आणि दार मात्र कुलूपबंद.

वेळापत्रक
अगदी बरोबर, आणि हे वाढत जाणार. ए३२१एक्सएलआर २०२४ च्या नोव्हेंबरात इबेरियानं सुरू केलं, माद्रिद ते बॉस्टन. कोड सी विमान, अटलांटिक पार. म्हणजे पंख छोटे पण लांबच्या प्रवासाची तयारी, जास्त वेळ स्टँडवर मुक्काम, प्रवासी आंतरराष्ट्रीय. आत्तापर्यंत आपण धरून चालायचो की छोटं म्हणजे पाऊण तासात निघणार, ते आता धरता येणार नाही. एलवर एक्सएलआर दोन तास बसलं की आरवरच्या झटपट फेऱ्यांशी त्याची जोडी लागणार कशी?

उंचउडी
अवांतर, पण वॉशिंग्टनचं डलेस विमानतळ १९६२ ला उघडलं तेव्हा त्याचा वास्तुकार सारिनेननं हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला होता ना, प्रवाशांची अख्खी खोलीच चाकांवर, टर्मिनलपासून थेट विमानापर्यंत. विमान कुठलंही असो.

आरेखिका
हो, आणि कल्पना म्हणून मला ती आजही सुंदर वाटते, गेट नावाची वस्तूच नको. पण विमानं मोठी झाली, लोक एका विमानातून दुसऱ्यात बदलायला लागले, आणि प्रत्येक वेळी त्या चालत्या खोलीत चढा-उतरा यात वेळ जायला लागला. पुढे तिथेही ब्रिजवाली गेट आलीच.

बरं, तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यावरून मी एका ओळीचा नकाशा परत काढायला घेतलाय. दहाच्या दहा मार्स करायच्या ऐवजी तक्त्यावर पट्ट्या मांडून बघितल्या, गर्दीच्या दिवशी चार स्टँडवर पहाटेपासून रात्रीपर्यंत मोठीच विमानं एकामागून एक येतात, तिथे छोट्यांना वेळच मिळत नाही. ती चार फक्त ईची केली तर ३४ मीटर सुटतात. त्यातले थोडे खांब बाजूला न्यायला वापरते, थोडे डॉली उभ्या करायला. मीटिंगमध्ये ६० ऐवजी तासातासाचा तक्ता दाखवणार आहे.

रॅम्पवाला, एक काम होतं. पिटची झाकणं नकाशावर लाल गोल करून दाखवलीत, तर डॉलीची जागा तुम्ही कुठे मागाल?

रॅम्पवाला
एल आणि आरच्या मधे नाकाच्या रेषेच्या पुढे, टर्मिनलच्या भिंतीलगत. पण दोन वेगळे नकाशे काढा, एक छोट्यांचा आणि एक मोठ्याचा, आणि दोन्हीत डॉली काढून बघा. मोठ्याच्या नकाशात जिथे पिट, नाकाचं चाक, ब्रिजची चाकं आणि टगची वाट आहे, त्या सगळ्यावर फरशीवरच आडव्या लाल पट्ट्या मारायला सांगा, छोटी उभी असतानाही दिसतील अशा. रात्रपाळीच्या पोरांना नकाशा कोणी दाखवत नाही, त्यांना फरशी दिसते.